जोडीतला उजवा

३ फेब्रुवारी

मामा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. ते वाचलं की आपला फोटो भिंतीवर लागल्यासारखं वाटतं, असं तूच म्हणाला होतास.

तू कातलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्या पोचल्या. दोन्ही धड, फ्लॅनेलमध्ये वेगवेगळ्या गुंडाळलेल्या. पेटी उघडली तेव्हा आमच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख, कशाचं कौतुक करायचं म्हटलं की त्यांचे दात दुखतात. त्यांनी एक तबकडी उचलून तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "यात मी बरी दिसते." आमच्याकडे याला पुरस्कार समजतात.

आता तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. खरं सांगू? फोनवर मी काय बोलते ते तू ऐकतच नाहीस, कशी बोलते ते ऐकतोस. मागच्या वेळी मी नुसतं "सगळं ठीक" म्हणाले तर तू विचारलंस, "सर्दी की रडणं?" अशा माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे स्वतःला लेथवर चढवून घ्यायचं. कागदाला आवाज नसतो. म्हणून कागद.

तबकड्यांचं मी करणार काय, ते सांगते. अंगठ्याएवढी एक काचेची कुपी आहे आणि तिच्यात पाऱ्याची थोडीशी वाफ. पाऱ्याच्या प्रत्येक अणूच्या पोटात केंद्रक असतं, ते भिंगरीसारखं फिरतं. (मला हे नाव ठेवलंस तेव्हा मी याच धंद्यात जाईन हे तुला कुठे ठाऊक होतं!) चुंबकीय क्षेत्रात ठेवली की ही भिंगरी डुलते, आणि तिच्या डुलण्याचा वेग आम्हाला फार बारीक मोजता येतो. कुपीच्या वर तुझी एक तबकडी, खाली दुसरी. वरच्या तबकडीवर धन वीज, खालच्या तबकडीवर ऋण. डुलणं मोजायचं. मग वीज उलटी करायची आणि पुन्हा मोजायचं. झालं, एवढाच खेळ, दिवसाला शंभर वेळा, तीन महिने.

दोन्ही वेग सारखे आले तर निसर्गाला काही फरक पडत नाही. वेगळे आले, अगदी केसाच्या कोट्यंशाने का होईना, तर केंद्रकाच्या पोटात विजेचा तोल एका अंगाला झुकलाय असं होईल. आणि तसं असेल तर त्याच्या जगात वेळ पुढे जाणं आणि मागे जाणं एकसारखं नाही. अणूच्या पोटात असला फरक आजवर कुणाला सापडलेला नाही.

म्हणून वीज उलटवली की फक्त वीजच उलटली पाहिजे, बाकी काही म्हणजे काही बदलता कामा नये. म्हणून तर तीन-तीनदा सांगितलं होतं, खूण नको, आकडा नको, टिंब नको. नाही ना केलंस? तुझी खोड मला माहीत आहे.

तुझ्या सहीचा कागद फाइलीत पहिल्याच पानावर लावलाय. "दोन्ही नग सारखे." तीन शब्द आणि ती लांबलचक शेपटीची सही. मामीच्या गुडघ्याला नमस्कार सांग.

तुझी,
भिंगरी

१७ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, मामीचे वेगळे जोडलेत. गुडघ्याला नमस्कार पोचला. गुडघा म्हणाला, नुसत्या नमस्कारावर भागत नाही, भाचीने यावं.

खोड म्हणालीस, तर त्या खोडीची जन्मकथा ऐक. एकोणीस वर्षांचा होतो, पहिल्या मालकाकडे होतो. एका यंत्राच्या दोन अंगांना बसणारी दोन झाकणं करायची होती, एक डावं, एक उजवं. मी मन लावून, दोन दिवस खपून, दोन्ही उजवी केली. मालक ओरडला नाही. ती दोन झाकणं त्याने माझ्या दोन हातांत दिली आणि म्हणाला, "दोन्ही हात उजवे असलेलं यंत्र सापडलं की परत ये." मी अजून शोधतोय. त्या दिवसापासून माझ्या हातून जी जोडी निघेल, तिच्यातल्या उजव्यावर टोकदार पंच ठोकून एक बारीक टिंब. वर्षानुवर्षं झाली, माझ्या कारखान्यातून एकही जोडी बिनटिंबाची गेली नाही. गिऱ्हाइकं टिंब बघून माल ओळखतात.

तुझ्या तबकड्यांत मुळी डावं-उजवं नाहीच, हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. जोडी आहे पण उजवा नाही, हे म्हणजे लग्न आहे पण भांडण नाही. मामी म्हणाली, "तसलं असतं तर मी आधीच मागितलं असतं."

खुणेचं विचारलंस. हात फिरवून बघ. नख लावून बघ. सापडली तर कळव.

आता माझा प्रश्न. अणूचं पोट गोल असतं का? आणि तुमच्यात सूट किती चालते? माझ्याकडे वस्तूच्या नकाशावर लिहिलेलं असतं, इतकं जास्त, इतकं कमी चालेल. त्याच्या आत बसलं की माल पास. बिनसुटीचं काम आजवर मी पाहिलं नाही. तुमच्या विज्ञानात सूट नसते असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, कारण विज्ञानही माणसंच करतात.

मामा

९ मार्च

मामा,

हात फिरवला, नख लावलं, भिंगातूनही पाहिलं. कुठे काही नाही. सुधारलास की! तबकड्या आता पात्रात बसल्या, पात्र निर्वात झालं, झाकण बंद. आता तीन महिने त्यांचं तोंड दिसणार नाही.

तुझ्या प्रश्नावर आमच्याकडे एक अख्खा माणूस नोकरीला आहे. त्याला मी गणितवाला म्हणते. आम्ही मोजतो, तो त्या आकड्याचा अर्थ काढतो. पाऱ्याच्या त्या केंद्रकात ऐंशी प्रोटॉन आणि एकशे एकोणीस न्यूट्रॉन. प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला ओढतोय, ढकलतोय. हे सगळं जसंच्या तसं मांडायचं म्हटलं तर जगातले सगळे संगणक जुंपूनही जमायचं नाही. मग तो धरून चालतो की एका कणाला बाकीचे एकेकटे दिसतच नाहीत, त्यांची मिळून एक गर्दी दिसते. तू बाजारात शिरलास की तुला माणसं कुठे दिसतात? गर्दीच दिसते. त्या गर्दीची सरासरी काढायची आणि पुढे जायचं. केंद्रक गोल धरायचं. ते नसतं, काही रताळ्यासारखी असतात, काही नासपतीसारखी. पण गोल धरलं की गणित सुटतं. तेव्हा तुझा संशय बरोबर आहे, सूट चालते. सुटीवाचून पान हलत नाही.

गंमत ऐक. गणितवाल्याने एकच गणित दोन पद्धतींनी केलं, तर एकीचं उत्तर अधिक आलं आणि दुसरीचं उणे. मी हसले, तो नाही हसला. त्याने दोन्ही उत्तरं लिहिली, आणि कुठे काय गोल धरलं, काय सोडून दिलं, ते ओळीने खाली लिहिलं. मी म्हटलं, "एवढं कशाला लिहितोस? कोण वाचणार आहे?" तर म्हणाला, "घेतलेली सूट कागदावर असली तर तो अंदाज. नसली तर ती लबाडी."

हे वाक्य तुला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

भिंगरी

२ मे

भिंगरी,

वाक्य पोचलं. कारखान्यात लावावं म्हणून मामीने पाटीवर लिहिलं, मग माझं तोंड बघून पुसलं. का पुसलंस विचारलं तर म्हणते, "तुम्हालाच झोंबल्यासारखं दिसलं."

परवा तुझ्या आईच्या वाढदिवसाला तू फोनवर दोन मिनिटं बोललीस. "काम छान चाललंय" म्हणालीस आणि "छान"च्या आधी श्वास घेतलास. कामाबद्दल बोलताना तू श्वास घेत नाहीस, एकदा सुटलीस की सुटलीस. काय लपवते आहेस?

बाकी ठीक. कारखाना चालू आहे. मामीचा गुडघा आता पाऊस येणार की नाही ते सांगतो, पण गुडघ्याची सूट फार मोठी, दोन दिवस मागे-पुढे.

मामा

२२ जून

मामा,

आज लांब पत्र लिहिणार आहे, बसून वाच.

आम्ही मोजत असतो तेव्हा खरा आकडा आम्हालाच दिसू नये अशी सोय असते. बाई सुरुवातीलाच एक गुप्त आकडा त्यात मिसळून टाकतात. तो एका पाकिटात, पाकीट त्यांच्या कपाटात. नाहीतर माणूस मनात असलेलं उत्तर काढत बसतो. सगळं मोजून, तपासून, लिहून झालं की शेवटी पाकीट उघडायचं आणि तो आकडा वजा करायचा.

काल उघडलं. गणितवाला, बाई आणि मी. बाईंनी फळ्यावर वजाबाकी केली. उरायला हवं होतं शून्य, किंवा शून्याच्या इतकं जवळ की त्याला शून्यच म्हणावं. उरला आकडा. योगायोग म्हणावा तर लाखात एखादा.

मग गणितवाला म्हणाला, "वजाबाकी परत करा." बाईंनी परत केली. तेच उरलं. बाई खडू ठेवून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी चहा सांगा रे." त्यांच्या हाताला पांढरा खडू लागला होता, तोच हात त्यांनी कपाळाला लावला. मामा, मी त्यांना इतकी वर्षं पाहते आहे, त्यांचं कपाळ असं कधी पाहिलं नव्हतं.

एकच गोष्ट राहिली होती. शिरस्त्याप्रमाणे खालची तबकडी वर, वरची खाली करून एकदा मोजायला हवं. फरक अणूचा असेल तर तो तसाच राहील, तबकडीचा असेल तर तबकडीबरोबर जागा सोडेल. पण पात्र उघडून पुन्हा मोजण्याजोगं करायला पाच आठवडे, मोजायला त्याहून जास्त, आणि आकडा जाहीर करण्याची सभा १४ ऑगस्टला. बाईंनी विचारलं, "बदलून बघायच्या का?" मी फाइलीचं पहिलं पान उघडून समोर ठेवलं. म्हटलं, "हा माणूस माझा मामा आहे. हा सारखं म्हणाला की सारखं." बाईंनी ते पान वाचलं. म्हणाल्या, "तू ठरव. लेखावर पहिलं नाव तुझं आहे." मी ठरवलं, नको. बाकीच्या चुका शोधून झाल्याच आहेत.

तू माझ्या हातात पहिल्यांदा कानस दिलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. आज तुझ्या दोन तबकड्यांच्या मधे जे सापडलंय, ते या आधी कुणाला सापडलेलं नाही. पेपरात तुझं नाव यावं म्हणून मी भांडणार आहे.

भिंगरी

१२ जुलै

मामा,

तीन आठवडे झाले. एवढी मोठी बातमी, आणि तुझी एक ओळ नाही. आईला विचारलं तर म्हणाली तब्येत ठणठणीत आहे, "फक्त बोलत नाही." तू बोलत नाहीस म्हणजे सूर्य उगवत नाही.

मग माझ्या लक्षात आलं, तू रागावलास. तू विचारलंस काय लपवते आहेस, आणि मी उत्तरच दिलं नाही. आता देते. माझी इथली नोकरी सप्टेंबरात संपते. पक्की करायची की नाही हे समिती ठरवणार, ऑगस्टच्या शेवटी, आणि एकाच जागेसाठी आम्ही दोघं जण आहोत. हा आकडा आला नसता तर माझा पत्ता कटच होता. म्हणून श्वास घेतला होता. तुला आधी सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस काळजी करत बसला असतास. आता काळजी नाही. आता आकडा आहे.

रागावू नकोस. लिही.

भिंगरी

१६ जुलै

भिंगरी,

रागावलो नाही. तुझ्यावर तर नाहीच.

तुझं जूनचं पत्र आलं त्या दिवसापासून हे पत्र लिहितोय. चार फाडली. कालचं तुझं पत्र वाचून मामी म्हणाली, "आज तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन, आणि माझं अक्षर तिला चांगलं लागतं."

तर ऐक. दोन्ही नग सारखे नाहीत.

तबकड्या झाल्या, समोर ठेवल्या, आणि सवयीने माझा हात पंचाकडे गेला. एकीच्या मागच्या अंगाला, कडेजवळ, एक टिंब मारलं. दोन्हीकडून सारखीच वस्तू, तिला काय डावं आणि काय उजवं! पण हात थांबला नाही. टिंब मारलं तेव्हा कुठे जोडी पुरी झाल्यासारखं वाटलं. तासाभरात तुझा फोन, "मामा, खूण नको हं." तिसऱ्यांदा सांगत होतीस. मी "बरं" म्हणालो. तुझे कान माझ्यासारखे असते तर त्या "बरं"मध्येच तुला सगळं ऐकू आलं असतं.

ती तबकडी टाकून नवी करायला हवी होती. दोन दिवसांचं काम. पण न्यायला माणूस दारात उभा, आणि तू घाईत. मी टिंबाच्या जागी बारीक भोक पाडलं, खणातली पांढरी तार घेतली, तिची मेख करून ठोकली, वरून कातून सपाट केलं आणि पॉलिश मारलं. नख अडकू नये असं. म्हणूनच ऐटीत लिहिलं होतं, हात फिरवून बघ. खोटं एक अक्षर लिहिलं नाही आणि खरंही लिहिलं नाही. माणूस हुशार असला की असा वागतो.

मग दोन्ही वाजवून पाहिल्या, दोऱ्याला टांगून, बोटाने. एक जरा लवकर गप्प झाली. अगदी जरा. मी ऐकलं. म्हटलं, जाऊ दे, हे कुणाला ऐकू येणार आहे?

कुणाला, ते तुझ्या जूनच्या पत्रात वाचलं.

पहिले आठ दिवस मी स्वतःला सांगत होतो, मोहरीएवढी मेख, तीही ॲल्युमिनियमची, तबकडी ॲल्युमिनियमची, बिघडलं कुठे? तार ॲल्युमिनियमची आहे हे मला कुणी सांगितलं होतं? पांढरी होती आणि त्या खणात होती, एवढंच. एरवी तार दगडावर टाकून आवाज ऐकल्याशिवाय मी वापरत नाही. त्या दिवशी नाही ऐकला. नंतर आठ दिवस खण उघडला नाही. रोज त्याच्या समोरून जायचो आणि उघडायचो नाही. मामी म्हणाली, "त्या खणात साप आहे का?" मी म्हटलं, "आहे बहुतेक."

परवा उघडला. तार दगडावर टाकली. आवाज ऐकताच कळलं, पण कानावर सोडायचं नाही असं ठरवलं होतं. लोहचुंबक जवळ नेला. तार उडी मारून त्याला चिकटली.

सोबत तिचा तुकडा चिकटवलाय. निकेल असावं.

मी गप्प बसलो असतो तर तुझी जागा पक्की झाली असती हे मला तुझ्या पत्रातून कालच कळलं. त्याच्या आधी कळलं असतं तर गप्प बसलो असतो का? नसतो, असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. ही माझी सूट, कागदावर लिहितोय.

तू काय करायचं ते मी सांगणार नाही.

मामा

११ ऑगस्ट

मामा,

पहिल्या दिवशी तुला भरपूर शिव्या दिल्या, सगळ्या तुझ्याकडूनच शिकलेल्या. दुसऱ्या दिवशी पत्र खिशात घालून पायी कामावर गेले. वाटेत दोनदा वाटलं, खिशाला भोक पडावं. तारेचा तुकडा चिकटपट्टीतून बोटांना लागत होता.

बाईंना पत्र दिलं. त्यांनी वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मी खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हा माणूस नोकरी शोधतोय का?"

पात्र उघडलं. तबकड्या काढल्या, चुंबकमापकाखाली बोटाबोटाने सरकवल्या. पहिली गप्प. दुसरी कडेजवळ बोलली. वीज उलटी केली की तबकडीत क्षणभर प्रवाह धावतो; तुझ्या मेखेचा त्याने इवलासा चुंबक होतो, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. आमच्या भिंगऱ्या तीन महिने तिचंच ऐकत होत्या. गणितवाल्याने मेखेचा परिणाम किती व्हावा ते काढलं, मेख गोल धरून, खाली तसं लिहून. आमचा आकडा जवळपास तेवढाच.

सभेतलं नाव बाईंनी काढून घेतलं. कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगितलं. तुझं पत्र तारेसकट प्रयोगाच्या वहीत चिकटवलंय. पेपरात नाव येणार नाही, पण वहीत आहेस, तीनशे बाराव्या पानावर.

समितीची बैठक ठरल्यापेक्षा आधी झाली. पक्की जागा दुसऱ्याला मिळाली. मला दीड वर्ष दिलंय, याच प्रयोगासाठी. बाई म्हणाल्या की दीडही मागून घ्यावं लागलं. खोटं सांगत नाही, त्या दिवशी रडले. फोन केला असतास तर तुला विचारावं लागलं नसतं, सर्दी नव्हती.

पण एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, ती मी लिहिते. तू टिंब मारलंस, हे तुझं. तबकड्या बदलून बघायचं काम माझं होतं. ते मी तुझ्या सहीवर सोडलं. माझा मामा आहे म्हणून. ही सूट मी घेतली होती, आणि बाईंसमोर मोठ्या अभिमानाने घेतली होती, आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. तीनशे तेराव्या पानावर आता लिहिली आहे.

तर, नवी जोडी हवी. डिसेंबरात मोजायला सुरुवात. बाई म्हणतात दुसऱ्या कारखान्याला विचारू. मी म्हटलं, ज्याला मेख कुठे मारली ते ठाऊक आहे त्यालाच विचारू. करशील?

आणि मामा, उजवी कोणती ते आपल्याला कधीच ओळखता येऊ नये.

भिंगरी

३० सप्टेंबर

भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मामी म्हणाली, "काय म्हणते?" मी म्हटलं, "काम आहे." "मग बसलात काय?"

नवा गज आणला, एकाच गजाचे लागून असलेले दोन तुकडे. नवं हत्यार. पंच मामीच्या कपाटात, किल्ली तिच्याकडे. तीन वेळा मागितला, तीनही वेळा म्हणाली, "कशाला?" पहिली जोडी जमली नाही, कानाला एक जड लागली. मोडीत टाकली. दुसरीही टाकली. ही तिसरी.

काल टांगल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मामीने आधी त्यांची अदलाबदल केली, किती वेळा ते तिलाही आठवू नये म्हणून हातासरशी गाणं म्हणत. मग एकीला दोरा बांधला, एकीला सुतळी. एकेकीचा आवाज मला दोनदा ऐकवला. नंतर मनाला येईल तशी वाजवायची आणि मी सांगायचं, दोरा की सुतळी. दहा वेळा वाजवली. मामी पेन्सिलीने लिहीत होती.

पाच बरोबर, पाच चूक.

ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमचे कान खोटे पडायची वाट बघतेय." मी म्हटलं, "नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं." "मग आनंद कसला झालाय तुम्हाला?" तुला कळेल.

गाठी सोडल्या, दोन्ही एका फडक्यावर ठेवल्या, आणि दोघंही चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

पेटीत सही केलेला कागद आहे. "दोन्ही नग सारखे" लिहायला पेन उचललं आणि थांबलो. मग हे लिहिलं:

"दोन्ही नगांत फरक सापडला नाही. कशाकशाने शोधला आणि कितपत बारीक शोधला ते खाली लिहिले आहे. त्याहून बारीक फरक असल्यास मला माहीत नाही. तबकड्या बदलून पाहाव्यात."

त्याच्या खाली दीड पान भरलंय. शेवटची ओळ मामीच्या अक्षरात आहे: "दहा वेळा वाजवली, हे पाच वेळा चुकले."

सही मारायला गेलो तर लांब शेपटीला जागाच उरली नाही. आखूड केली.

मामा